पिंजरा नंबर तीनचे नर

५ ऑगस्ट, अकोला

पिंजरा नंबर तीन. अंडी एकशे बारा, अळी एकातूनही नाही! गुलाबी बोंडअळीच्या नरांमधलं हार्मोन ओळखणारं एक जनुक मी बंद केलंय. आता त्यांना पिल्लं होतात का, एवढंच बघायचं. लॅबमधला ज्युनिअर पियुष म्हणाला, "ताई, माद्याच खराब निघाल्या. बदलून टाकू." बदलल्या. नर तिथेच — कापसाच्या बोळ्यावरचं मधपाणी पीत, जावयासारखे.

७ ऑगस्ट

प्रयोग नरांवर, आणि हाकललं कुणाला? माद्यांना! नोंदवहीत सही माझीच. गाढव आहे मी.

१४ ऑगस्ट

हाकललेल्या त्याच माद्या साध्या नरांसोबत ठेवल्या होत्या. आज अंडी फुटली! नुसती वळवळ! बोंडअळी बघून मी नाचले. कपाशीवाल्या सासऱ्यांनी पाहिलं असतं तर घराबाहेर काढलं असतं.

१८ ऑगस्ट, दर्यापूर

रविवार, म्हणजे सासर. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. माझ्या तपासण्या अकरा, सगळ्या ठीक. नवऱ्याची, किशोरची, एकही नाही. सासूबाईंनी पुन्हा नत्थुजी वैदूची पुडी हातावर ठेवली. कडू जहर! "खाऊन घे वं, या महिन्यात गुन येते."

आज मात्र मी जेवताना माद्यांची गोष्ट सांगून टाकली. सगळी. किशोर ताटावरून उठला. "मी का बोंडअळी आहो? मले काय झालं?"

सासूबाई शेंगा सोलत बसल्या. दाणे आणि टरफलं एकाच टोपलीत टाकत होत्या.

१९ ऑगस्ट, अकोला

किशोरचा अबोला. बडनेऱ्याला ड्यूटीवर गेला, डबा इथेच ठेवून. मीच खाल्ला. भरली वांगी बरी झाली होती. मग थोडं रडले.

२३ ऑगस्ट

सासूबाई एकट्याच जीपने आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तेरा वर्षाचा होता किशोर. गालगुंड झाले, खाली बी सुजलं. डाक्टर म्हने, यानं कधी मूल होत नाही, लग्नाआधी तपासून घेजा. मीच नाही तपासून घेतलं. मले माईत होतं, बाई."

माहीत होतं! सात वर्षं. आणि पुड्या मी खाल्ल्या.