आम्हाला पूर्वेला कुणी ढकललं

चि. आर्नीस, मिनियापोलिसहून अर्लिंगदादाचे भरभरून आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? लिंडाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं का? आम्ही इथे ठीक आहोत. म्हणजे पारा शून्याच्या बराच खाली गेला आहे, गाडी दोनदा सुरू झाली नाही आणि अंगणातलं बर्फ उपसताना माझी पाठ धरली, पण तक्रार करण्यासारखं काही नाही. (आहे. ते पुढे येतंच आहे.)

बातमी तुझ्या कानावर आलीच असेल. बास्केटबॉलच्या लीगने सिएटलला आणि लास वेगसला एकेक नवा संघ दिला. दोन्ही गावं पश्चिमेची, त्यामुळे पश्चिम विभागात गर्दी झाली आणि कुणाला तरी उचलून पूर्वेत टाकणं भाग पडलं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही! आपले आजोबा नॉर्वेहून बोटीत बसले ते पश्चिमेला जायचं म्हणून, आणि आता लीग म्हणते, तुम्ही पूर्वेचे. आमच्या गटात आता शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट. तुमचं पोर्टलंड तिकडेच. आजवर आपले संघ वर्षातून चारदा भिडायचे, दोनदा तिकडे आणि दोनदा इकडे. आता इकडे एकदाच. म्हणजे हिवाळ्यात तू दोनदा यायचास तो एकदाच येणार. आणि तो सामनासुद्धा त्यांनी पुढच्या मोसमात नोव्हेंबरात टाकला आहे, जेव्हा तळ्यावरचं बर्फ माणसाचं वजन पेलत नाही. बर्फ नाही म्हणजे त्यावर आपलं, भोक पाडून मासे धरायचं खोपटं उभं राहणार नाही, आणि खोपटं नाही म्हणजे तू दुसऱ्या दिवशी सकाळचंच विमान पकडणार. हा योगायोग आहे असं सांगणाऱ्या माणसाचा चेहरा मला एकदा नीट बघायचा आहे.

तर हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी आतून सूत्रं हलवली आहेत आणि माझा पहिला संशय (हे पत्र लिंडाला वाचून दाखवू नकोस) तुझ्या वहिनीवर आहे. पश्चिमेकडचे सामने आमच्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेनऊला सुरू व्हायचे. मी टीव्हीसमोर ओरडायचो आणि मार्लिस उशी कानावर घेऊन पडायची. पूर्वेकडचे सामने संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, जेवणाच्या टेबलावरून उठलं की लगेच. बातमी आली त्या दिवशी मी सुतकात बसलो होतो आणि ही स्वयंपाकघरात रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या भाजत गुणगुणत होती. जानेवारीत! रुबार्ब उन्हाळ्यातलं, ते हिने फ्रीजरमध्ये कुठल्या शुभप्रसंगासाठी राखून ठेवलं होतं? विचारलं तर म्हणे, "अर्लिंग, वडी खायची तर खा, नाहीतर गप्प बस." निरपराध माणसाची भाषा अशी असते का, तूच सांग. शिवाय हल्ली ती फोनवर हळू आवाजात बोलते आणि मी खोलीत शिरलो की हवामानावर येते.

दुसरा संशय शेजारच्या डुएनवर. डुएन स्वतःला आपल्या संघाचा कट्टर भक्त म्हणवतो, पण त्याची मुलगी मिलवॉकीला दिली आहे, आणि मिलवॉकी आता आमच्या गटात! कुंपणावरून वाकून मला सांगतो कसा, "काय वाईट आहे रे? गाडी काढली की झालं. सामनाही बघू, नातवंडंही बघू." त्याच्या गाडीला चारही नवे हिवाळी टायर लागले ते बातमी येण्याच्या आधी की नंतर, हे मी त्याला तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारून पाहिलं. दर वेळी त्याने मला कॉफी पाजली. टायरचं उत्तर काही दिलं नाही.

पण खरा गुन्हेगार न्यूयॉर्कचा, लीगच्या कचेरीतला. लीगने निर्णयाआधी गावोगाव माणसं पाठवून प्रेक्षकांचं मत घेतलं होतं. आमच्याकडे फेरारो नावाचे एक गृहस्थ आले, चकचकीत बूट घालून. (त्या बुटांनी ते चर्चच्या पायरीवर दोनदा घसरले. आम्ही कुणी हसलो नाही. घरी जाऊन हसलो.) चर्चच्या तळघरात प्रेक्षक मंडळाची सभा भरली. अध्यक्ष मीच. बायकांनी ओव्हनमध्ये भाजलेली, बटाट्या-मांसाची हॉटडिश आणली होती, कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या. फेरारो सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "तुम्हाला पश्चिमेतच राहायचं असेल तर आत्ता सांगा. मी तुमच्या बाजूने भांडेन."

सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. मग अध्यक्ष या नात्याने मी उठलो आणि जे कुठलाही सभ्य माणूस म्हणेल तेच म्हणालो, "छे हो, आमच्यासाठी कशाला उगाच त्रास घेता? तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा."

आता आर्नी, तू इथेच वाढलास. याचा अर्थ काय होतो हे तुला सांगायला नको. याचा अर्थ, मेलो तरी हलणार नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, "नक्की? काही हरकत नाही?" मी म्हणालो, "आमचं काय, आमचं कुठेही भागतं." मागून डुएनने मान डोलावली, बायकांनी मान डोलावली. आम्ही सगळे तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसलो. आईकडे पाहुणा आला की ती तिसऱ्यांदा विचारायची तेव्हा कुठे तो म्हणायचा, बरं, अर्धा कप चालेल. पोरासोरांना कळतं ते. मी तर मनात भाषणसुद्धा तयार ठेवलं होतं, आजोबांच्या बोटीपासून सुरू होणारं.

फेरारोंनी बॅग बंद केली. म्हणाले, "किती समंजस लोक आहात तुम्ही!" आणि ताटलीत उरलेली शेवटची वडी उचलून अख्खी तोंडात टाकली. शेवटची! जिचे आम्ही अर्धे, मग पाव, मग नखाएवढे तुकडे करत ती रात्रीपर्यंत पुरवली असती आणि तरी शेवटचा कण ताटलीतच ठेवला असता. त्या क्षणी मी मार्लिसच्या कानात म्हणालो, "घात झाला." (मेम्फिसवाल्यांनी म्हणे याच फेरारोंसमोर टेबलं बडवली आणि न्यू ऑर्लिन्सवाले बँड घेऊन आले होते. हलवायच्या यादीत तेही होते, पण दोघेही पश्चिमेत राहिले. असल्या उद्धटपणाला हल्ली बक्षीस मिळतं.)

आणि हो, तुझ्याबद्दलही थोडा संशय आहे, लपवून काय उपयोग? गेल्या मोसमात आम्ही तुम्हाला चारही वेळा धुतलं. चारदा हरण्यापेक्षा दोनदा हरणं बरं असं पोर्टलंडात कुणाला वाटलंच नसेल का? तू कुणाला काही बोलला नसशील, असं मी धरून चालतो. तरी बोलला असलास तर कळव.

लिंडाला आणि मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
अर्लिंगदादा (तूर्त पूर्वेचा)

ता. क. मागच्या खोलीतला हीटर दुरुस्त करून घेतला आहे. फेब्रुवारीत तळं चांगलं गोठलेलं असतं. सामना नसला तरी माणसाने येऊ नये असा काही लीगचा नियम नाही. पण विमानाचा प्रवास, तुझा गुडघा, उगाच त्रास नको. तुला सोयीचं पडेल तसं कर.

ता. क. २. मार्लिस खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "फेरारोंना पूर्वेला न्या असं सांगितलं कुणी ते कळलं का, अर्लिंग? आता आर्नीलाही तसंच सांगतोयस." मी म्हणालो, तो विषय वेगळा आहे. तिने कबूल केलं की ते हळू आवाजातले फोन तुला होते, गेल्या आठवड्यात तिने तुला बोलावलं आणि तू म्हणालास, "छे, वहिनी, कशाला तुम्हाला त्रास." ते झालं पहिलं. वरच्या ता. क. मध्ये मी विचारलं ते दुसरं, आणि तिथेही तू मनातल्या मनात नको म्हणालाच असशील. मी तुझा भाऊ आहे, मला कळतं.

ता. क. ३. येतोस का? हे तिसरं. तुझ्याशिवाय त्या खोपट्यात मला करमत नाही. रुबार्बची शेवटची वडी झाकून ठेवली आहे. आलास की अख्खी उचल, कुणी काही म्हणणार नाही.