अठराशेची की तीन हजारांची

स्किप्टन, ३ मे १९८७
चि. क्लिफर्ड यास, हिल्डाताईचे अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. चौसष्टाव्या वर्षी उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स गाडी घ्यायचं खूळ डोक्यात शिरलंय, तर शिरो. टकलाला वारा तरी लागेल.

सोबतचा तक्ता पाहून हसू आवरेना. विमा कचेरीत जन्म गेला, दुसरं काय सुचणार! सहा सिलिंडरच्या गाड्या थोड्याच बनल्या, म्हणून त्यांचा भाव चढेल म्हणतोस. अरे शहाण्या, थोड्या बनल्या कारण कुणी घेईना! तीन लिटरचं ते धूड पुढे बसवलं की गाडी वळायचं नाव घेत नाही. आठ सिलिंडरवाली तर कारखान्यातून उघड्या टपाची निघालीच नाही; तुला दाखवली तिच्यात कुणीतरी घरी इंजिन कोंबलंय. साधी अठराशे सीसीची, चार सिलिंडरची घे. किंमत कमी, सुटे भाग कुठेही मिळतात.

बघायला गेलास की आधी बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आत मालकाने इंजिन तापवून ठेवलंय. थंड इंजिनच खरं बोलतं.

आणि हे मला विचारतोस? लढाईत चार वर्षं मी लष्कराचे ट्रक दुरुस्त केले. सेहेचाळीस साली गॅरेज काढायला निघाले, तेव्हा बाईच्या हाती गाडी कोण देणार, असं बाबांना तूच म्हणालास. त्यांनी जागा दिली नाही. तेव्हापासून लोकर विकतेय. चुकलो म्हणून एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही.

लोभ आहे, पण तू तो वाढू देत नाहीस.
हिल्डाताई

हॅरोगेट, १२ मे १९८७
ती. हिल्डाताईस, सा. न. वि. वि.

अठराशेचीच पाहिली, एका निवृत्त मेजरसाहेबांकडे. पोचताच त्यांच्या बाईंनी चहा-केक पुढे केला. चहाआधी परक्याच्या गाडीला हात कसा लावायचा? पाऊण तास गुलाबांवर बोललो. मग पाहिलं तर बॉनेट गरम आणि इंजिन गाईसारखं गरीब. तू मला काय म्हणशील ते ऐकू आलं.

म्हणून परवा न्याहारीआधीच, न कळवता, जाऊन धडकलो. असा उद्धटपणा जन्मात केला नव्हता. थंड इंजिन खडखडलं, निळा धूर निघाला, मेजरसाहेब लाल झाले. पत्रा मात्र चोख आहे. निम्म्या भावात, सगळं ठाऊक असून घेतली.

इंजिन उघडायला दोन कारागीर आले होते, ते परत पाठवले. ताई, मी चुकलो. तू गॅरेज चालवशील आणि मी कारकूनच राहीन, याची मला तेव्हा भीती वाटली होती. ही गाडी तुझ्या हाती देतो. घेशील का?

कृपा नसली तरी राग तरी असू दे.
क्लिफर्ड

स्किप्टन, १४ मे १९८७
चि. क्लिफर्ड यास, आशीर्वाद.

एक्केचाळीस वर्षांनी अक्कल आली म्हणायची. तुझं पत्र वाचून गिऱ्हाइकासमोर रडले. हे मी तुला माफ करणार नाही. सोमवारी येते. तोवर गाडी सुरू करू नकोस, पुसू नकोस, शेजाऱ्यांना इंजिनाविषयी व्याख्यान देऊ नकोस. हत्यारं माझी मी आणते, तुझी बागेच्या कामाची असतील.

दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे: 'मालकीणबाई गॅरेजात गेल्या आहेत.'

तुझी,
हिल्डाताई