चार पायऱ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

मंदाकिनीला गुरुवारी घरी सोडणार! डॉक्टरांची अट एकच — आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा आधी चार पायऱ्या चढून दाखवायच्या. खुब्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले, आता जमायला हवं, असं ते म्हणतात.

घरची तयारी चोख. संडासात धरायला दांडी बसवली. पलंगाखाली विटा घालून उंची वाढवली. उशाशी बेल लावली, म्हणजे तिला हाका मारायला नकोत. अख्ख्या कर्वेनगरात असा नवरा शोधून सापडायचा नाही — हे मी नाही, शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या.

भेटायची वेळ चार ते सहा. मी चारच्या ठोक्याला हजर. बाईसाहेब केस विंचरून, टिकली लावून, दाराकडे तोंड करून बसलेल्या. मग दोन तास माहेरच्या गोष्टी. खडकीच्या क्वार्टरमागे तिची एक बकुळ होती, हे मला आज कळलं! घरी एवढं बोलणं होतं कुठे? मी पेपरात, ती टीव्हीसमोर.

बुधवार, ५

दुसऱ्याच पायरीवर थांबली. जमत नाही म्हणाली. फिजिओथेरपीवाली अवनी म्हणते, घाई नको. गुरुवार हुकला.

शुक्रवार, ७

पुन्हा नापास.

शनिवार, ८

तिचा चष्मा घरी राहिला होता. तो द्यायला दुपारी दोनलाच गेलो. जिन्याचं दार उघडं होतं. आत मंदाकिनी! आयाबाई कौशल्या नुसती मागे उभी, आणि ही कठडा धरून चढते आहे. चार नव्हे, बारा पायऱ्या! वर जाऊन वळली, उतरली. आणि कौशल्याला म्हणते कशी, "ह्यांना सांगू नकोस हं. अवनीलाही नको."

चष्मा वॉचमनकडे देऊन आल्या पावली परत फिरलो. चारला पुन्हा गेलो, जसं काही पाहिलंच नाही. पाच वाजता अवनीसमोर हिचे पाय लटपटले. काय तो अभिनय!

चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि घरी यायला लागू नये म्हणून ही बाई चारचौघांत लंगडते! माझ्यापेक्षा फिनेलचा वास बरा वाटतो तिला. असं काय केलं मी? कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. आता बेलसुद्धा लावली. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

रविवार, ९

गेलो नाही. बसू दे वाट बघत. पेपर दोनदा वाचला.

सोमवार, १०

सकाळीच अवनीचा फोन. काकू काल सहापर्यंत दाराकडे बघत बसल्या होत्या म्हणे. आज उठल्या उठल्या तिला बोलावून घेतलं, अख्खा जिना चढून दाखवला आणि म्हणाल्या, आता घरीच सोडा. उद्या डिस्चार्ज.

म्हणजे मी गेलो नाही, तर बरी झाली! वा!

मंगळवार, ११

आणली. औषधं, फाईल, वॉकर — सगळं बिनचूक. रिक्षात ती रस्त्याकडे बघत बसली, मी बिल पुन्हा तपासलं. आमचा जिना सावकाश, पण एकटीनं चढली. खोलीत नेऊन बेल दाखवली. "छान आहे," एवढंच म्हणाली. मी बाहेर येऊन पेपर उघडला.

बुधवार, १२

दिवसभर बेल वाजली नाही. चार वाजता सहज डोकावलो. केस विंचरून, टिकली लावून, दाराकडे तोंड करून बसली होती. कोण यायचं आहे, म्हणून विचारलं.

"कुणी नाही हो. भेटायची वेळ झाली ना, सवय लागली."

बाहेरची खुर्ची उचलून आत नेली.