शोकेसमधली फिनो

रविवार, संध्याकाळ

हुडकेश्वरला दादाकडे जेवून आले. मागच्या वर्षी मी स्पेनहून आणून दिलेली फिनो शेरी वाइनची बाटली वहिनीने शोकेसमधून काढली. अर्धीच उरलेली, आणि सोबत सावजी मटण. एक घोट घेऊन मी सगळ्यांसमोर सुनावलं, "फिनो उघडली की आठवड्यात संपवायची. तीही थंडगार, खाऱ्या बदामांसोबत. मटणाला ओलोरोसो लागते, गडद शेरी. ही मेलीय."

वहिनी म्हणाली, "दिवाळीले उघडली होती, ताई. तुमचा वाटा काढून ठेवला होता."

माझा वाटा. शोकेसमध्ये, दिव्याखाली. तिथे तरी मी का थांबले नाही? सगळे ऐकत होते आणि मला मजा येत होती. मी ग्लास तिच्यापुढे सरकवला. "मग तुम्हीच प्या."

कधी थेंब न घेणारी ती उभ्यानेच प्यायली. तोंड पुसून म्हणाली, "मटण तरी जमलं ना, ताई?"

मी उत्तर दिलं नाही. मटण उत्तम होतं.