पाण्यावर दोन भाकऱ्या

लिंबायत, सुरत
सोमवार, २ सप्टेंबर १९९६

ती. स्व. आक्कास,
हिलालचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र तुझ्या नावाचं आहे, पण बोलणार आहे मी तमाम डावखुऱ्यांशी. त्यांतली एक तुझ्याच घरात आहे, तुझी नात स्नेहा. तिला समोर बसवून हे मोठ्याने वाच.

डावखुऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपला हात ताटावरून हटवला गेला, पाटीवरून हटवला गेला. प्रसादाला पुढे केला तर त्यावर चापट बसली. कुणाला मुद्दाम टाळलं तर लोक म्हणतात, डावललं. म्हणजे अपमानाचं क्रियापदसुद्धा आपल्याच नावावर खपवलं. चोरी केली नाही, कुणाला मारलं नाही, फक्त दुसऱ्या बाजूचा हात आधी उचलला, एवढाच आपला गुन्हा.

आक्का, तुझ्या सुनेने, सुषमाने, कळवलं की स्नेहा पहिलीत डाव्या हाताने लिहिते म्हणून तू त्या हातावर मोजा चढवतेस आणि मनगटाला नाडी बांधतेस. वाचून माझंच मनगट दुखलं. का, ते तुला ठाऊक आहे. माझा हात तूच बांधायचीस.

आता माझी कथा ऐक. कापडाच्या लूमवरचं फिटरचं काम सुटल्यापासून मी शहराबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर गवत कापायची मशीन सांभाळतो. सोमवारी शेठलोक येत नाहीत, म्हणून आम्हा नोकरांना खेळू देतात. लांब दांड्याने लहानसा चेंडू दूरच्या खड्ड्यापर्यंत न्यायचा, एवढाच खेळ. दोन वर्षं झाली, माझा चेंडू दर वेळी उजवीकडे वळतो आणि बाभळीत शिरतो. मी प्रयोगाला लागलो. बगलेत टॉवेल दाबून मारलं. एका पायावर उभा राहून मारलं. डोक्यावर पाण्याचा पेला ठेवून मारलं आणि भिजलो. एका शेठने टाकून दिलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात लिहिलंय, डावा कोपर वाकता कामा नये. म्हणून काल कोपराला बांबूची पट्टी लावून वर जुन्या साडीची चिंधी गुंडाळत होतो. तुझी भावजय उज्ज्वला बघत होती. म्हणाली, आक्कांनी बांधला तेवढा पुरला नाही का, आता स्वतःच बांधता.

मी चिंधी सोडून टाकली. दोन वर्षं मी चुकीच्या बाजूला उभा राहून मारत होतो आणि दोष कोपराला देत होतो. आजपासून मी डावखुरा खेळणार. मैदानावर एक तळं आहे, सव्वाशे पावलं रुंद. ते मी डाव्या बाजूने मारून ओलांडून दाखवीन. मग तरी पोरीचा मोजा काढशील ना?

सर्वांना नमस्कार. राग आला तर येऊ दे, माया मात्र आटवू नकोस.

तुझा डावरा भाऊ,
हिलाल

---

अमळनेर
११ सप्टेंबर १९९६

चि. हिलाल यास,
धुरपदाक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण मिळालं. स्नेहाला वाचून दाखवलं. बंधूंनो आणि भगिनींनो ऐकून ती मागे वळून बघायला लागली, एवढी माणसं कुठे बसली आहेत म्हणून.

बाबा रे, तू पुरुषमाणूस. सभेत डावा हात उंचावलास तरी टाळ्या पडतात. पोरीच्या जातीचं तसं नाही. उद्या सासरी डाव्या हाताने वाढलं तर पंगत उठेल. आई मला सांगायची, बांध व त्याना हात, आणि मी बांधायची. तुझं काय वाईट झालं? चांगलं लिहितोस, नको इतकं बोलतोस. शाळेच्या बाईही म्हणाल्या, दिवाळीपर्यंत हात वळला तर वळला, नाही तर कायमचा गेला. मी तिचं वाईट करते आहे का?

तरीही तू बोललास म्हणून एक संधी देते. दसऱ्याच्या आत, डाव्या बाजूने मारून, पाण्याला न शिवता चेंडू तळ्यापार गेला पाहिजे. तीन चेंडू मिळतील. गेला, तर मोजा काढीन. नाही गेला, तर पुन्हा तो विषय काढायचा नाही. आणि साक्षीला उज्ज्वला. तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही, लहानपणी साध्या सरड्याची तू मगर केली होतीस.

डोक्यावर पेला ठेवून फिरू नकोस, सर्दी होईल. आमचा जीव आहेच तुझ्यात, तो असा टांगू नकोस.

तुझी आक्का

---

लिंबायत, सुरत
मंगळवार, २४ सप्टेंबर १९९६

ती. स्व. आक्कास,
सा. न. वि. वि.

आव्हान स्वीकारलं.

अडचण अशी की मैदानावर डावखुऱ्यांसाठी एकही दांडा नाही. शेकडो दांडे पडलेत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. मग मी जुन्या लूमवर गेलो. तिथे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोकर मारणारी लाकडी दांडी असते, ती मोडकी मागून आणली. गल्लीतल्या भिकन मिस्त्रीने तिचं डोकं घडवलं, उलट्या तोंडाचं. तो विचारत होता, हे देवाचं काही आहे का. मी म्हणालो, माणसाचं आहे.

ती दांडी हातात घेतली आणि सुचलं ते तुला सांगतो. लूमला दोन्ही बाजूंना अशी एकेक दांडी असते. डावी धोट्याला मारते, तो उजवीकडे जातो. उजवी मारते, तो परत येतो. वीस वर्षं मी त्या मशीनच्या पोटात डोकं घातलं, पण तिने डाव्या दांडीला कधी अशुभ म्हटलेलं ऐकलं नाही. फक्त उजवीनेच मारायचं ठरवलं तर बोटभर कापड विणलं जाणार नाही. ज्या साड्या नेसून बाया डाव्या हाताला नावं ठेवतात, त्यांतला अर्धा धागा डाव्या दांडीने ढकललेला आहे. हे शाळेच्या बाईंना सांग.

खेळाचं म्हणशील तर पहिल्या सोमवारी चेंडू जागचा हललाच नाही, मीच गोल फिरून बसलो. काल मात्र तीन वेळा सरळ गेला. आक्का, काय सांगू, अंगात वारं शिरल्यासारखं झालं. पन्नास वर्षांचा माणूस गवताच्या मशीनभोवती नाचला. शेवटी एक चेंडू माझ्याच मशीनच्या पत्र्यावर बसला, ते सोड.

तुझ्या सरड्यासकट सगळ्यांना नमस्कार. पदरात मला जागा असू दे.

हिलाल

---

लिंबायत, सुरत
सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

ती. आक्कांस,
उज्ज्वलाचा शि. सा. नमस्कार.

साक्षीला मी आज मैदानावर गेले होते. पाहिलं तेच लिहिते. हे मागे उभे राहून डोकावत होते, त्यांना चहाचं आधण ठेवायला पाठवलं आहे.

पहिला चेंडू तळ्याच्या मधोमध पडला. बगळे उडाले. हे म्हणाले, पहिला डाव देवाचा. मी म्हटलं, आक्कांनी तीनच दिले आहेत, त्यांतला देवाला कशाला वाटता. दुसरा चौकीदाराच्या खोपटाकडे गेला. तो बिचारा खाटेखाली शिरला आणि आमचं होईपर्यंत बाहेर आला नाही.

तिसऱ्याला हे बराच वेळ गप्प उभे होते. एवढा वेळ गप्प मी त्यांना लग्नात अंतरपाटामागेही पाहिलं नव्हतं. मग मारला. चेंडू वर गेलाच नाही. जमिनीलगत सणसणत सरळ निघाला, पाण्यावर टेकला, उडाला, पुन्हा टेकला, पुन्हा उडाला आणि पलीकडच्या गवतात जाऊन बसला. पोरं दगड फेकून पाण्यावर भाकऱ्या करतात ना, तशा दोन भाकऱ्या.

यांनी दांडा टाकला, चिखलात चप्पल हरवली आणि बगळ्यांपुढे भाषण सुरू केलं. म्हणतात, तळं ओलांडलं. चेंडू पार गेला हे खरं. पण पाण्याला दोनदा शिवला, हेही खरं. यांनी हात जोडले, एवढं एक वाक्य गाळ म्हणाले. माझ्याच्याने खोटं लिहवत नाही. स्नेहासाठी मात्र वाईट वाटतं.

आता निकाल तुमचा. आमच्यावर आहे तसाच जिव्हाळा राहू द्या.

आपली,
उज्ज्वला

---

अमळनेर
२२ ऑक्टोबर १९९६

चि. हिलाल व सौ. उज्ज्वला यांस,
धुरपदाक्काचे अनेक आशीर्वाद.

निकाल आधी सांगते. हिलाल, तू हरलास. न शिवता म्हटलं होतं, चेंडू शिवला. उज्ज्वला खरं बोलली, तिला माझ्याकडून लुगडं.

पण त्या दोन भाकऱ्या वाचल्या आणि ते वाक्य मी पुन्हा वाचलं. तुला आठवतं का? बोरी नदीवर मी धुणं घेऊन जायची आणि तू मागे यायचास. तिथे आई नसायची. मी तुझ्या हाताची नाडी सोडायची आणि तू चपटे दगड वेचून पाण्यावर फेकायचास. सात भाकऱ्या व्हायच्या. गावातल्या कुणाच्या सात होत नव्हत्या. कपडे वाळले की मी पुन्हा नाडी बांधायची आणि आपण घरी यायचो. तू कधी हात मागे घेतला नाहीस. स्वतःहून पुढे करायचास. ते मला आता, साठीला, दिसलं.

इतकी वर्षं मी सांगते की मी आईचं ऐकलं. नदीवर तर मला कळत होतं ना?

पत्र आलं त्याच संध्याकाळी मोजा काढला. स्नेहाने पाटीवर आपलं नाव लिहिलं, मग माझं, मग पाटी संपली म्हणून ओट्यावर लिहिलं. दसऱ्याचं सोनं तिने सगळ्यांना डाव्या हाताने वाटलं. शेजारच्या अनुसयाबाई थबकल्या. मी आधी माझा हात पुढे केला आणि घेतलं, मग त्यांनीही घेतलं. शाळेच्या बाईंना तुझी दोन दांड्यांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, म्हणाल्या, बरं, लिहू द्या.

तर आता माझं ऐक. तुझी भाषणं मी खूप वाचली, माझं एवढंच. लोभ टपालाने पुरत नाही, म्हणून दोघं भाऊबीजेला या. मी मांडे करीन. दोन्ही हात साबणाने धू, पाटावर बस, आणि सगळ्या घरादेखत पहिला घास डाव्या हाताने खा.

तुझी आक्का