नाल्याच्या तोंडावरचं जाळं

३ मार्च
समुद्रातल्या कचऱ्यावर साहेबांना योजना हवी आहे. बंदर कार्यालयात डोकं वापरणारा मी एकटाच, त्यामुळे काम माझ्याकडेच आलं. टिपण लिहिलं. कचऱ्याने मासेमारी बुडते, पर्यटक पळतात, बोटींच्या दुरुस्तीचा भुर्दंड वेगळा. उपाय एकच: नाल्याच्या तोंडावर जाळं. आजवर कुणाला सुचलं नाही, कारण लोक बिनडोक आहेत. उपअधीक्षकाची खुर्ची सध्या रिकामी आहे, हा निव्वळ योगायोग.

९ मार्च
जाळं लागलं. वर माझ्या फोटोचा फलक, 'संकल्पना व नियंत्रण'. फोटोत पोट दिसतंय. फोटोग्राफर अडाणी.
बायकोने विचारलं, जाळ्यातला कचरा काढणार कोण? हिला नसत्या चौकशा फार.

१५ मार्च
जाळं गच्च. बाटल्या, थर्माकोल, एक अख्खी गादी. लोकांना लाज कशी नाही. सफाईवाले उचलायला आले होते, हाकलून दिले. भरलेलं जाळं हाच माझा पुरावा. साहेब बघेपर्यंत एक बाटली हलता कामा नये.

१८ मार्च, दुपार
साहेबांचा दौरा पुढे ढकलला. उत्तमच, ढीग वाढेल.
मेव्हण्याचा फोन. बायकोचा धाकटा भाऊ, मासेमारी करतो. दाजी, दोर ताणलेत, जाळं रिकामं करा, म्हणाला. बोटीला नवं इंजिन बसवलंय, म्हणून जीव टांगणीला. म्हटलं, तू तुझे मासे बघ.

२२ मार्च
साहेब उद्या समुद्रातून पाहणी करणार. मेव्हण्याची बोट ठरवली. नको म्हणत होता, बहिणीला मध्ये घातलं.

२३ मार्च
दोरवाला चोर निघाला. ओहोटीला जाळं ढीग आणि फलकासकट सुटलं आणि नेमकं आमच्याच बोटीच्या पंख्यात गुंडाळलं गेलं. इंजिन जळालं. दुसऱ्या बोटीने ओढत आणलं. साहेब वाटभर वहीत काहीतरी लिहीत होते. योजनेचाच विचार करत असावेत.

२५ मार्च
टिपण साहेबांना पसंत. 'नुकसान' या भागात त्यांनी स्वतःच्या हाताने एक उदाहरण घातलंय: आमची बोट. 'उपाय' या भागावर काट मारलीय. उपअधीक्षकाची खुर्ची कार्यालयातल्या टायपिस्टबाईंना मिळाली.

२६ मार्च
मेव्हण्याचा हंगाम गेला. आमच्याकडे राहायला आलाय. जेवताना माझ्याकडे पाठ करून बसतो. वाईट वाटतं. पंख्यातून निघालेला फलक त्याने हॉलमध्ये, टीव्हीशेजारी टेकवून ठेवलाय. पोट फाटलंय, चेहरा शाबूत.
बायकोला म्हटलं, हे इथून काढ. ती म्हणाली, काढणार कोण ते मी तेव्हाच विचारलं होतं.