तारेला हात लावून दाखवायची पद्धत

७ डिसेंबर
पोंभुर्ण्यापलीकडे गेलो होतो. वासुदेवभाऊंच्या हरभऱ्याभोवती तार ओढून झटका मशीन बसवलं. रानडुकरांनी शेताच्या दोन बांध्या उकरून ठेवल्या आहेत. मशीन सोलरचं, झटका क्षणभराचा. जनावर पळतं, मरत नाही. हे सांगून कुणाला पटत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे आधी मी स्वतः तारेला हात लावला. मग गर्दीतला एक बोलावला. मारोती नावाचा, बोडीतले मासे धरणारा, खांद्यावर जाळं. हात लावताच टुणकन उडाला. सगळे हसले. तो म्हणाला, "सायेब, हे मशीन माह्या सासऱ्याच्या खाटेले बसवून द्या." मग आपणहून पुन्हा लावला.
धोक्याची पिवळी पाटी लावायची राहिली. खोक्यात नव्हती. पुढच्या फेरीत नेईन.
संध्याकाळी भद्रावती. दिवसभर बोललो, खोलीवर आल्यावर बोलायला कुणी नाही. खिचडी.

१९ डिसेंबर
वासुदेवभाऊंचा फोन. डुकरं तारेखालून घुसून राह्यली म्हणतात. मी म्हटलं, खालची तार अजून खाली घ्या, गवत कापा. ते ऐकायचंच नव्हतं त्यांना. "घरची लाइन डायरेक्ट जोडली त?"
मी म्हणालो, "ते कंपनी सांगत नाही, भाऊ."
"कंपनी नाई सांगत. तुमी सांगा."
मी हसलो. रेंज जाते म्हणालो आणि ठेवला.
रेंज होती. 'माणूस मरेल, तुरुंगात जाल' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, मग तुमचं मशीन काय कामाचं?
उद्या करतो फोन.

२१ डिसें.
केला नाही. पाटीही गाडीतच आहे. गडचिरोलीकडची फेरी मधे आली.

२८ डिसें.
ज्यांच्याकडे नोकरी करतो त्या शेठचा सकाळीच फोन. मारोती पहाटे बोडीवरून येताना वासुदेवच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून निघाला. वाकून जाण्यासाठी तार हाताने वर उचलली. तारेत घरची लाइन. अंगावरचे कपडे ओले. वासुदेवच्या बायकोने ओरडा ऐकून बटण बंद केलं म्हणून वाचला. चंद्रपूरला दवाखान्यात आहे.
शेठ म्हणाले, "आपलं मशीन काढून घरात ठेवलेलं होतं. आपला काही संबंध नाही. पोलीस विचारतील, तर बसवलं आणि निघालो, बस. फोनबिनचं काढू नको."
फोनचं मीच त्यांना सांगितलं होतं. गंमत म्हणून.

३० डिसें.
दवाखाना. उजवा हात मनगटापासून काढला. मी संत्री नेली होती, कुठे ठेवावी समजेना.
मारोती रागावलेला नाही. ते सहन होत नाही. म्हणाला, "मले वाटलं टक् करन आन् सोडन. तुमीच त धरून दाखवलं होतं न. मी रोजच उचलून जात होतो."
रोजच. माझ्यामुळे.
त्याची बायको, सिंधूबाई, मला बाहेर घेऊन आली. वासुदेव पोलिसांना सांगतो आहे की मारोती हरभरा चोरायला घुसला, तारेत करंट आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. "हात त गेला भाऊ. आता चोर बी करून राह्यले त्याले. तुमी सांगा न, त्याले काय ठाऊक होतं ते."
हो म्हणालो. मान हलवली की बोललो, आठवत नाही.

२ जानेवारी
विहारात गेलो. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना आवाज निघाला नाही. शेजारच्यांचा होता, भागलं. खोटं मी अजून बोललेलो नाही. गप्प बसलोय. विक्रीत या दोन्हींत फरक असतो असं आम्हाला शिकवतात.
रात्री नागपूरहून बायकोचा फोन. सगळं सांगितलं.
"तुम्ही जोडायला सांगितलं नाही ना?"
"नाही."
"मग?"
मग पोरीच्या परीक्षेचं बोललो.

५ जाने.
ठाण्यात जाऊन आलो. सगळं सांगितलं. मारोतीला मी बोलावलं, हात लावायला लावला. पाटी लावली नाही. फोनवर वासुदेवने काय विचारलं आणि मी काय बोललो नाही. हवालदार मधेच थांबले. "हे पण लिहू? तुमीच अडकसान ना सायेब." लिहा म्हटलं. मोठे साहेब बाहेर होते. उद्या येऊन वाचून सही करायची आहे.
बाहेर बाकड्यावर वासुदेवभाऊ. आठ दिवसांत म्हातारे झालेत. मी जवळ बसलो. त्यांनी खर्र्याची, तंबाखू-सुपारीची पुडी पुढे केली, मी नको म्हणालो.
स्वतः चिमूट तोंडात टाकून म्हणाले, "तुमी एकडाव नाई म्हनलं असतं, त मी नसता जोडला."
स्वतःला वाचवायला म्हणाले असतील. खरंही असेल. त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं नाही, आणि त्यांनाही ठाऊक असेल असं वाटत नाही.
शेठचे फोन येत आहेत. उचलले नाहीत.
उद्या सहीआधी वासुदेवभाऊंचं हे वाक्यही बयानात घालायला सांगावं का? घातलं तर त्यांचा दोष हलका होतो, माझा वाढतो. मारोतीचं त्यात काय होतं, ते मला कळत नाही. तरी घालायला सांगेन.